करवलीचा रुसवा

वडिलांचं नाव लाल पट्टीत दिसलं तेव्हा नीलमच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. संत्र्याचे हात कीबोर्डला लावायचे नाहीत हा तिचा स्वतःचा नियम, म्हणून बोटं वर धरून ती नुसत्या डोळ्यांनी वाचत राहिली. हवं होतं ते नाव, कुंडलिक कऱ्हाळे. मिळालं ते नाव, कुंडलिक कऱ्हाळे. खाली निकाल, नापास. कोडच्या त्या काळ्या खिडकीत देवनागरीचे सांधे निखळतात, काना एकीकडे पडतो, अर्धी अक्षरं सुटी होऊन उभी राहतात, त्यामुळे वरच्या आणि खालच्या नावात कुणालाही काडीचा फरक दिसला नसता. तेच नाव दोनदा, आणि तरी नापास. नीलमला मात्र न बघताच कळलं की काय झालंय. आणि कळल्याबरोबर सगळ्यात आधी काय झालं असेल तर तिला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पोटात उतरावं तसं बरं वाटलं. अक्षताचं काम अडकलं होतं.

त्यांच्या ऑफिसात, अंधेरीत मरोळच्या त्या गल्लीत, जिथे खाली अजून नळाच्या तोट्यांचा कारखाना चालतो आणि वर तिसऱ्या मजल्यावर दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं, कुणाचंही काम दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत जात नाही. एकाने पॅच, म्हणजे कोडमध्ये केलेला बदल, पाठवायचा, मशीन त्याच्यावर शेकडो बारीक बारीक टेस्ट चालवणार, मग दुसऱ्याने तो ओळीन् ओळ वाचायचा आणि खाली एक शब्द लिहायचा, ‘चालेल’. इंग्रजीतले तयार शब्द आहेत त्यासाठी, पण ही पद्धत टीम सांभाळणाऱ्या जयाने पाडली, ऑफिस दोन खोल्यांचं होतं तेव्हापासून, आणि आता नवी पोरंही मुकाट्याने चालेल लिहितात. जयाचं असंच आहे. ती काही सांगत नाही, करते, आणि सगळे तिच्यासारखं करायला लागतात. सोमवारी जया सगळ्यांसमोर म्हणाली होती की पेशंटच्या नावांचा हा सगळा भाग इथून पुढे अक्षताच बघेल, हा एक पॅच तेवढा नीट जाऊ दे, परवा दवाखानेवाल्यांना दाखवायचाय. आणि मग नीलमकडे वळून, ‘तू वाचशील ना गं? तुझ्या हाताखालून गेलं की मी निर्धास्त.’ नीलम म्हणाली, वाचीन की. नावांचा भाग आठ वर्षं नीलमचा होता. हाताखालून जायचं म्हणजे हातातून जायचं, हे जयाला कळलं नसेल असं नाही. पण जयाने ते इतक्या प्रेमाने सांगितलं की त्यावर रागवायचीसुद्धा सोय उरली नाही.

तिने हात धुतले, परत आली आणि पॅच वाचायला घेतला. वाईट निघावा अशी तिची मनापासून इच्छा होती. दवाखान्याच्या काउंटरवरचे लोक पेशंटची नावं कुठून कुठून उचलून चिकटवतात, फोनमधून, मेसेजमधून, आणि नावाबरोबर न दिसणाऱ्या अक्षरांचा कचरा येतो. मग तेच नाव शोधायला गेलं की सापडत नाही. अक्षताने सरळ उपाय केला होता. जे दिसत नाही ते सगळं काढून टाकायचं. पंधरावीस ओळी, स्वच्छ, कुठे एक शब्द जास्तीचा नव्हता. नीलमने हेच काम केलं असतं तर तिच्या तिप्पट ओळी झाल्या असत्या आणि मध्ये दोनचार ठिकाणी माफी मागितल्यासारख्या टिपा लिहिल्या असत्या. या पोरीला कसलीच माफी मागायची नव्हती. नीलमला मत्सर वाटला. एरवी ती त्याला थकवा म्हणते, पित्त म्हणते, घरी सम्यकला सांगते की आज डोकं दुखतंय, आणि तो बिचारा नवरा आल्याचा चहा करून देतो. पण त्या पंधरावीस ओळींसमोर त्याला दुसरं नाव द्यायला जागाच नव्हती. सवतीमत्सर म्हणतात तो नवऱ्यावरून. मैत्रिणीवरून होतो त्याला मराठीत शब्दच नाही. बाकीच्या बायकांना तो होत नसावा, किंवा होतो आणि त्याही पित्तच म्हणत असतील.

आणि ते डब्यापासून सुरू झालं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. नीलमच्या माहेरचं गाव हिंगोलीकडचं. जन्म मुलुंडचा असला तरी घरात ठेचा व्हायचा तो तिकडचाच, मिरच्या तव्यावर काळ्या होईपर्यंत भाजून, लसूण घालून, तांब्याच्या बुडाने रगडलेला. जया घाटकोपरची, तिचे आजोबा मालवणहून गिरणीत आलेले. तिला तिखट म्हणजे रश्शातलं माहीत. पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती म्हणाली, ‘मेले गं मी, अजून दे.’ त्यानंतर कितीतरी वर्षं नीलमच्या डब्यात ठेच्याची डबी वेगळी असायची, जयाच्या नावाची. गेल्या पावसाळ्यात अक्षता आली. बोरिवलीची, मूळची कणकवलीकडची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जया तिच्या डब्यावर वाकून म्हणाली, ‘काय गो, आज काय हाडलंस?’ आणि ती पोरगी झटकन म्हणाली, ‘सुकटीची किसमूर. घेतलंस तर घे, मागसून ओरडा नको.’ जया हसली. ते हसणं नीलमने आधी कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून, जयाच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला रात्रभर बाकावर बसून, जयाच्या पोटात एक दुसरं हसणं आहे आणि ते दुसऱ्या भाषेत आहे, हे तिला माहीतच नव्हतं. मालवणी काही कुणाच्या बापाची नाही, शिकता येते. नीलमने घरी एकदा आरशासमोर ‘माका’ म्हणून पाहिलं. सम्यकने बाहेरून विचारलं, कुणाशी बोलतेस? ती म्हणाली, कुणाशी नाही.

त्या ठेच्याच्या डबीचं पुढे काय झालं, तर काहीच नाही. ती रोज येत होती आणि अर्धी परत जात होती. जया विसरत नव्हती, आठवणीने एक बोट लावायची, वा म्हणायची. ते वा नीलमला नको होतं. मग ऑफिसची मनोरीला सहल झाली. मार्व्याहून फेरीबोटीने जायचं, चार मिनिटांचं पाणी. पण जया मूळची मालवणची असून पाण्याला भिते, बोट हलली की बाजूच्याचं मनगट गच्च धरते. मागच्या खेपेला धरलं होतं ते नीलमचं, नखं उमटली होती. या खेपेला नीलम मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला उभी राहिली, मनगट मोकळं ठेवून, घड्याळ दुसऱ्या हातात घालून. बोट हलली. जयाने उजवीकडे हात टाकला आणि अक्षताला धरलं. एवढंच. कुणी काही केलं नव्हतं. उजवा हात उजवीकडे जातो. नीलमने मग पूर्ण दिवस मनोरीच्या वाळूत सगळ्यांचे फोटो काढले, कारण फोटो काढणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू कुणाच्या शेजारी.

‘नीलमताई, एक मिनिट?’

अक्षता खुर्चीच्या मागे येऊन उभी होती. हातात पाण्याची बाटली, केसांत पेन्सिल खोचलेली. ही पेन्सिलही जयाची सवय. ‘ती एक टेस्ट फेल होतेय बघा. माझ्या डोक्याची मंडई झालीय. दोन्ही नावं सेम टु सेम आहेत हो, आणि मशीन म्हणतंय वेगळी.’

‘मग वेगळी असतील.’

‘पण कुठे? मी डोळे फाडून बघितलं. नाव तेच, आडनाव तेच.’ ती वाकली, नीलमच्या स्क्रीनवर तिने त्या नावावर बोट ठेवलं. नेलपॉलिश उडालेलं साधं बोट. ‘टेस्टच जुनी आहे ना, आठ वर्षांपूर्वीची. काढून टाकू का? मला तर वाटतं कुणीतरी असंच नाव टाकलंय. कोण हो हे कुंडलिक कऱ्हाळे?’

तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ऑफिसात नीलम खिल्लारे होती, लग्नानंतरची. कऱ्हाळे म्हणून तिला ओळखणारं या मजल्यावर आता जयाशिवाय कुणी नव्हतं, आणि जयाही हाक मारते ती नुसती नीलम. नुसतं सांगायचं होतं. माझे वडील. तिथे र आणि ह यांच्या मध्ये एक अक्षर आहे, ते दिसत नाही, तू ते काढून टाकलंस; तेवढं राहू दे, बाकी कचरा काढ. दोन वाक्यं. अक्षता आनंदाने ओरडली असती, जया उठून आली असती, पाच मिनिटांत टेस्ट हिरवी झाली असती आणि नीलमने चालेल लिहिलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण पोरीचं बोट अजून त्या नावावर होतं, आणि ती जयासारखीच मान तिरकी करून उत्तराची वाट बघत होती.

‘असेल कुणीतरी पेशंट,’ नीलम म्हणाली. ‘टेस्ट काढायची नाही. कुणी उगाच नाही लिहिलेली. तूच शोध, शिकशील.’

‘हो, तेही आहेच,’ अक्षता म्हणाली आणि खरंच पटल्यासारखी निघून गेली. शिकशील हा शब्द नीलमच्या जिभेवर संत्र्याच्या बीसारखा राहिला. तिने पॅचखाली लिहिलं, ‘टेस्ट नापास. कारण शोधून पुन्हा पाठवणे.’ पाठवणे. सरकारी कागदासारखं. मग तिने उरलेलं संत्रं खाल्लं, ते आंबट होतं.

असेल कुणीतरी पेशंट. पेशंट होतेच ते. आठ वर्षांपूर्वी आप्पांना, तिच्या वडिलांना, निमोनिया झाला, मुलुंडच्याच एका दवाखान्यात होते, आणि योगायोग असा की तिथे नीलमच्याच ऑफिसचं सॉफ्टवेअर बसवलेलं. पहिल्या दिवशी केसपेपर छापून आला तर वर आडनावात रफार. ऱ्ह असा बाजूला चिकटलेला, भुवईसारखा अर्धा र हवा, तो उडून ह च्या डोक्यावर जाऊन बसलेला. आप्पा ऑक्सिजनची नळी नाकात घालून म्हणाले, ‘हे माझं नाव नाही. हा दुसराच कोणी माणूस आहे. त्याचं इंजेक्शन मला देतील हे लोक.’ नीलम म्हणाली, आप्पा, तुम्ही झोपा. ते झोपेनात. वीज कंपनीत मीटर वाचण्यात जन्म गेलेला. लोकांची नावं बिलावर नीट आली नाहीत तर ते पेनने दुरुस्त करून देणारे. शाळेत नीलमच्या बाईंनी हजेरीत रफार दिला तेव्हा बाईंना भेटायला गेले होते. ‘बाई, डोक्यावर नका देऊ, आमचा र कुणाच्या डोक्यावर बसत नाही. तो शेजारी बसतो.’ बाई हसल्या होत्या आणि नीलमला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दवाखान्यातून ती थेट ऑफिसला आली आणि जयासमोर रडली. आप्पांच्या तब्येतीसाठी रडायला हवं होतं, रडली ती र साठी. जयाने विचारलंच नाही की एवढं काय त्यात. म्हणाली, चल, शोधू. सबंध दिवस दोघी एका स्क्रीनसमोर, गुडघ्याला गुडघा लावून, डबा पडून राहिला. संध्याकाळी जयाने एक एक अक्षर सुटं करून मोजलं आणि ओरडली, ‘अगो बाय माझे! ही बघ, ही मध्ये लपलीय!’ र आणि ह यांच्यामध्ये, ज्याला रुंदीच नाही असं एक अक्षर. छापलं जात नाही, वाचलं जात नाही, फक्त र ला सांगतं की वर जाऊ नकोस, शेजारी बस. कुठल्यातरी पायरीवर सॉफ्टवेअर ते गाळत होतं. जया म्हणाली, ‘करवली गं ही. नवरानवरीच्या मागे उभी असते ना, फोटोत येत नाही, कुणी विचारत नाही. पण तिचा मान राखला नाही की रुसते आणि सगळं लग्न उलटंपालटं करते.’ नीलमच्या घरच्या लग्नांत वंदना झाली, पंचशील घेतलं, हार घातले की लोक पंगतीला बसतात. तिथे करवलीचे एवढे लाड नसतात. तिला तो रुसव्याचा प्रकार जयाने सांगितला, नकला करून, गाल फुगवून. दोघी इतक्या हसल्या की पहारेकरी बघायला आला. मग जया म्हणाली, टेस्ट लिहून ठेव, परत कुणी हिला हाकलून दिलं तर मशीनने बोंब मारली पाहिजे. नाव टाक कुठलं तरी. नीलमने आप्पांचं टाकलं.

दुसऱ्या दिवशी नवा केसपेपर घेऊन जया स्वतः दवाखान्यात आली. आप्पांनी तो हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘हां. आता मी ॲडमिट झालो.’ जया त्यानंतर कितीदा मुलुंडला जेवायला आली, आप्पा तिला भाकरी मोडून द्यायचे. पुढे सहा वर्षांनी आप्पा गेले, घरीच, झोपेत, आणि तेव्हाही जया आधी आली, नातेवाईक मागून. त्यांच्यामागे उरलेल्या गोष्टींत एक ही टेस्ट होती. कुणी पॅच पाठवला की ती चालायची, दिवसातून कितीतरी वेळा, कुंडलिक कऱ्हाळे पास, कुंडलिक कऱ्हाळे पास. नीलम ते बघायची नाही, पण ते चालतंय हे तिला माहीत असायचं. आणि करवली हा शब्द त्या दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हता. एवढ्याशा गोष्टीवर माणूस आपला हक्क सांगतो, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

जेवणानंतर तिने दुसरं काम उघडलं आणि मान खाली घालून बसली. दर थोड्या वेळाने लाल पट्टी पुन्हा उमटत होती. अक्षताने काहीतरी बदलून पाहिलं, नापास. परत काहीतरी, नापास. प्रत्येक वेळी नीलमच्या आत एक छोटं सुख आणि त्याच्यामागे आप्पांचं नाव. मुलीच्या समाधानासाठी बाप पुन्हा पुन्हा नापास होत होता. खालून तोट्या घासायचा आवाज येत होता. तिला वाटलं, उठावं आणि सांगावं. आता सांगितलं तरी चालेल, आत्ता आठवलं म्हणून सांगता येईल. मग जयाच्या खुर्चीचा आवाज आला. जया उठली, आपली खुर्ची चाकांवरून ढकलत अक्षताच्या टेबलापाशी नेली आणि बसली. गुडघ्याला गुडघा लावून.

‘काय गो, खंय अडाकलंस?’ जयाने विचारलं.

‘बघ ना. भूत आसा ह्या टेस्टीत.’

त्यानंतर पूर्ण दुपार त्या दोघी तिथे होत्या. चहा आला, तिथेच प्यायल्या. एकदा जयाने अक्षताच्या केसांतली पेन्सिल काढून कागदावर काहीतरी काढलं आणि पेन्सिल स्वतःच्या केसांत खोचली. एकदा दोघी हसल्या, ते दुसरं हसणं. नीलम समोरच्या रांगेत बसून ऐकत होती, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की ही दुपार तिने स्वतः त्यांना दिलीय. दोन वाक्यं बोलली असती तर पाच मिनिटांत संपलं असतं. न बोलून तिने अक्षताला तेच दिलं जे आठ वर्षांपूर्वी तिला स्वतःला मिळालं होतं, तोच दिवस, तोच शोध, तीच जया, शेजारी. आपल्याच हाताने ताट वाढून पुढे सरकवावं आणि मग उपाशी बसून बघत राहावं, असला मूर्खपणा. तिला उठता येईना. आता उठून सांगायचं म्हणजे सकाळी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागणार.

ऊन काचेवरून खाली उतरायला लागलं तेव्हा जया ओरडली. नीलमला तो आवाज येणार हे आधीच माहीत होतं, तिने पाठ ताठ केली होती.

‘अगो बाय माझे! अक्षता, अक्षरां मोज. सुटी करून मोज. तू करवलीक हाकललंस!’

‘कोणाक?’

मग जयाने सगळं सांगितलं. र सांगितला, ह सांगितला, मधलं न दिसणारं अक्षर सांगितलं, रुसवा सांगितला. गाल फुगवले. बाजूची दोन पोरंही खुर्च्या फिरवून ऐकायला लागली आणि हसली. करवली, करवली, असा शब्द त्या मजल्यावर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, कुणाच्याही तोंडात बसेल असा साधा शब्द. तो दिला गेला होता, आणि देताना जयाला किंचितही जड गेलं नव्हतं. अक्षताने एक ओळ बदलली. र च्या शेजारची करवली राहू दे, बाकी सगळा कचरा काढ. मशीन फिरायला लागलं.

‘झकास,’ अक्षता म्हणाली. ‘पण जयाताई, ते कुंडलिक कऱ्हाळे कोण गं? मी नीलमताईंना सकाळी विचारलं. त्या म्हणाल्या असेल कुणीतरी पेशंट.’

नीलमने मान वर केली, कारण न करणं त्याहून वाईट दिसलं असतं. दोन स्क्रीनच्या मधल्या फटीतून जया तिच्याकडे बघत होती. केसांत पेन्सिल तशीच. आधी ती नुसतं बघत होती, म्हणजे ऐकलेलं नीट लागलं नाही तर माणूस बघतो तसं. मग तिला लागलं. नीलमला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, एक एक पायरी उतरताना दिसलं. सकाळचा ‘पाठवणे’ असा शेरा, परत जाणारी ठेच्याची डबी, मनोरीचे ते फोटो ज्यात नीलम कुठेच नाही. जया हुशार आहे. तिला एखादी गोष्ट कळायला लागली की ती मुळापर्यंत कळते. नीलमला वाटलं, आता बोलेल. अगं, हे तर हिचे वडील, असं साधेपणाने म्हणेल आणि मग सगळे माझ्याकडे बघतील. बोल, तिने मनात म्हटलं, बोलून टाक.

‘पेशंटच होते,’ जया म्हणाली. तिने नजर काढून घेतली. ‘जुने. फार चांगले होते.’

‘अच्छा,’ अक्षता म्हणाली, तिचं लक्ष स्क्रीनकडे होतं. ‘पास! झाली बघा पास!’

लाल पट्टी गेली आणि हिरवी आली. कुंडलिक कऱ्हाळे, पास. पॅच पुन्हा नीलमकडे वाचायला आला. तिने तो वाचला, ओळीन् ओळ, हिशेबाने वाचायला हवा तसा. अक्षताने नव्या ओळीच्या वर टीप लिहिली होती, करवलीला हात लावू नये. इतकी वर्षं ही टीप लिहायचं नीलमच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला वाटायचं, आपल्याला माहीत आहे तेवढं पुरे. काम चांगलं होतं. नीलमच्या हातात असतं तरी ती याहून चांगलं करू शकली नसती, आणि हे मान्य करायला आज पहिल्यांदाच काही त्रास झाला नाही, कारण त्रास व्हायची जागा दुसऱ्याच गोष्टीने भरली होती. तिला हवं ते मिळालं होतं. इथून पुढे तिच्यात आणि जयात एक गोष्ट अशी होती जी अक्षताला कधीही कळणार नव्हती, आणि कुठल्याही मालवणीत सांगता येणार नव्हती. तिने खाली लिहिलं, ‘चालेल’, आणि पाठवून दिलं.

सुटायच्या वेळी अक्षता बॅग अडकवून जयाच्या टेबलापाशी उभी राहिली. गेले कितीक महिने त्या दोघी बरोबरच खाली उतरत होत्या, नाक्यापर्यंत चालत जात होत्या, वाटेत भेळ खात होत्या. नीलम त्यांच्या मागून दहा मिनिटांनी निघायची, मुद्दाम. आजही ती ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिली.

‘तू हो फुडे,’ जया अक्षताला म्हणाली. ‘मी आज नीलमबरोबर जातंय.’

अक्षता गेली. मजल्यावरचे दिवे अर्धे बंद झाले. जया आली आणि टेबलाशी उभी राहिली. नीलमने वाट पाहिली की ती विचारेल, का गं असं केलंस. त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं, वाईट उत्तर, पण खरं. जयाने टेबलावरची संत्र्याची सालं गोळा करून टोपलीत टाकली. ठेच्याची डबी उचलून पाहिली, ती अर्धी भरलेली होती, ती नीलमच्या पिशवीत नीट उभी ठेवली. मग नीलमची बॅग उचलली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. त्या वर्षी आप्पांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांची पिशवी तिने अशीच घेतली होती, आणि दुसरा हात त्यांच्या कोपराखाली, जिना उतरताना.

‘दे गं, मी घेते,’ नीलम म्हणाली.

‘असू दे.’ जयाने तिच्या कोपराखाली हात घातला. ‘चालवत नाही नेत तुला, रिक्षाने जाऊ. चालेल?’

लिफ्टच्या दारापाशी नीलमला तिचं मनगट धरावंसं वाटलं, नखं उमटतील इतकं घट्ट. तिने नुसती मान हलवली. जया थांबली, तिला शब्द ऐकायचा होता.

‘चालेल,’ नीलम म्हणाली.